चिमटीत मावणारी नाणी

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातून विजापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की शंभरएक किलोमीटरवर गोलघुमट लागतो. त्याखाली महंमद आदिलशाह चिरविश्रांती घेतो आहे. 1656 मध्ये तो वारला. त्याने सोन्याचे होन पाडले. पुढे 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले. त्याच्या काळात खुद्द सोलापूरच्या टांकसाळीतून चांदीचे रुपये निघाले. साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो जाड रुपया म्हणजे उत्तरेची पद्धत. साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचा होन आणि त्याचे बारीक तुकडे ही दक्षिणेची पद्धत. एकीकडे व्यवहाराचा पाया चांदी, तर दुसरीकडे सोने. या दोन्ही पद्धती जिथे एकमेकींना भिडल्या त्या पट्ट्यात सोलापूर जिल्हा येतो. म्हणून लहान नाण्यांचा छंद लागलेल्या माणसाला राहायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

होनाच्या तुकड्याला मराठी कागदपत्रांत फलम म्हणतात. कानडीत ते हण आणि तमिळमध्ये पणम होते. होनाचा दहावा हिस्सा हे त्याचे ढोबळ प्रमाण, पण प्रांतोप्रांती ते बदलत असे. फलमाचे वजन साधारण 0.35 ग्रॅम आणि आकार मसुरीच्या डाळीएवढा. सराफाच्या मापात सांगायचे तर तीन गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर एक गुंज 0.12 ग्रॅमची होते. हे कोष्टक पाठ असू द्यावे. जुनी नाणी पाडणारे लोक याच किंवा याच्या जवळच्या मापात विचार करत होते. ग्रॅममध्ये विक्षिप्त वाटणारा आकडा गुंजेत मांडला की सरळ होतो.

मोठ्या नाण्यांवर पुस्तके भरपूर आहेत. मोहर आणि रुपया यांवर राजाचे नाव ठळक असते, टांकसाळ वाचता येते, साल सापडते. त्यांच्यावरून राजांचा इतिहास लिहिता येतो आणि तो लिहिला गेलाही. पण मोहर घेऊन भाजी आणायला कोणी जात नसे. मोहर पेटीत, हंड्यात, जमिनीखाली राहिली, म्हणून ती टिकली. फलम, प्राचीन माषक, दोन आण्यांची चवली ही नाणी हातातून हातात फिरली, झिजली, धुळीत पडली, मुशीत गेली. कोण काय विकत घेत होते, एका दिवसाच्या मजुरीत काय येत होते, देवळात साधा माणूस किती ठेवत होता, हे या नाण्यांकडून कळते. माझ्या दृष्टीने संग्रहाचे खरे मोल इथे आहे. मोहरेपेक्षा फलम दुय्यम आहे ही समजूत सोडल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

सगळ्यात जुन्या लहान नाण्यापासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत भारतात चांदीची आहत नाणी चालत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, कोपरे छाटून वजन जुळवायचे आणि त्यावर एकेक चिन्ह ठोकायचे, अशी त्यांची कृती. त्यातले पूर्ण नाणे म्हणजे कार्षापण, सुमारे साडेतीन ग्रॅमचे. मनुस्मृतीतले कोष्टक सांगते की दोन कृष्णलांचा, म्हणजे दोन गुंजांचा, एक रौप्यमाषक आणि सोळा माषकांचे एक धरण. म्हणजे माषक पाव ग्रॅमलाही भरत नाही. अशी चांदीची नाणी खरोखर सापडतात. त्यांवर एकच चिन्ह असते. कधी ते अर्धेच उमटते, कारण ठसा मोठा आणि चकती लहान.

याहून लहान रक्कम म्हणजे अर्धा माषक. जातककथांमधल्या गंगमाल जातकात त्याची गोष्ट आहे. काशीतल्या एका पाणक्याने आपली सारी पुंजी, अर्धा माषक, नगराच्या उत्तर दरवाजाजवळ भिंतीच्या विटेत लपवून ठेवलेली असते. सण येतो. बायकोकडे तेवढीच रक्कम असते. दोघांचे मिळून फुले, अत्तर आणि पेय आणायचे ठरते आणि तो भर दुपारी तापलेल्या वाळूतून गात गात निघतो. राजा त्याला बोलावून घेतो, उन्हात जाऊ नकोस, मीच तुला अर्धा माषक देतो, म्हणतो. पाणक्या म्हणतो, तो घेईन आणि माझाही आणीन. राजा रक्कम वाढवत वाढवत लाख आणि कोटींवर जातो आणि शेवटी अर्धे राज्य देऊ करतो. पाणक्या राज्य घेतो, पण वाटणीत उत्तरेची बाजू मागतो, कारण त्याचा अर्धा माषक तिकडे आहे. गरिबाच्या लेखी नाण्याचे मोल वजनावर ठरत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आहत नाण्यांच्या वजनाचा सर्वांत कसून अभ्यास एका मराठी माणसाने केला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती होते, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. त्यांनी तक्षशिलेच्या निधींमधली आणि इतर आहत नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. ताडून पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली नाणीही हजारोंनी तोलली. नाणे जितकी वर्षे फिरते तितके त्याचे सरासरी वजन एका ठरावीक गतीने उतरते, आणि एकाच वयाच्या नाण्यांमधली तफावतही वाढत जाते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. मग निधीतल्या कोणत्या चिन्हांची नाणी आधीची आणि कोणती नंतरची, हे वजनावरून मांडता येऊ लागले. ज्या नाण्यावर ना नाव ना साल, त्याला काळाच्या ओळीत बसवण्याची ही रीत आहे.

लहान नाण्याच्या बाबतीत झिजेचा हिशेब आणखी कडक होतो. नाण्याची लांबी, रुंदी, जाडी निम्मी केली तर वजन आठव्या हिश्शावर येते, पण पृष्ठभाग चौथ्या हिश्शावर. झीज पृष्ठभागावर होते, म्हणून लहान नाण्याचे वजनाच्या मानाने दुप्पट नुकसान होते. माषकांची वजने इतकी मागेपुढे का दिसतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे. वजन कमी भरले म्हणून नाणे खोटे ठरवण्याची घाई करू नये.

आता महाराष्ट्राच्या मातीतल्या चांदीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या संग्राहकाने वाचायला शिकावे असे पहिले नाणे मला पश्चिम क्षत्रपांचे वाटते. सुमारे दोन ग्रॅम वजन, पंधरा मिलिमीटरच्या आसपास व्यास. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी असा एक निधी सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा पर्वत, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. नहपानाला हरवल्याचा दावा शिलालेखातही आहे, पण हा निधी त्याचा पुरावा आहे आणि तोही हजारोंच्या संख्येने.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात त्याचा लेख आहे. सोलापूरसारख्या विणकरांच्या गावात राहणाऱ्याने तो एकदा तरी वाचावा. उषवदाताने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला 240, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. दगडातला आकडा चोख जुळतो. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही दिला आहे. लेखातले कार्षापण म्हणजे नहपानाची ही चांदीची नाणी, असे क्षत्रप नाण्यांची सूची करणाऱ्या रॅप्सनपासून अनेक अभ्यासकांनी मानले आहे. ते धरले, तर हातातले दोन ग्रॅमचे नाणे म्हणजे एका भिक्षूच्या महिन्याभराच्या कापडखर्चाची तरतूद.

क्षत्रप नाणे वाचायचे कसे? दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, मिशी, मानेवर केस. डोक्याच्या मागे, म्हणजे आपल्या डावीकडे, ब्राह्मी अंक. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्षत्रपांनी नाण्यावर नेमाने साल घातले. ते शक संवतातले असते, म्हणून 78 मिळवले की इसवी सन येतो. या अंकांत शून्य नाही. शंभराचे चिन्ह वेगळे, नव्वदाचे वेगळे, आणि एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. शंभर आणि नव्वद दिसले तर शक 190, म्हणजे इसवी सन 268. मागच्या बाजूला तीन कमानींचा पर्वत, खाली नागमोडी रेघ, वर चंद्र आणि सूर्य, भोवती ब्राह्मी लेख. त्यात राजाचे नाव असतेच, शिवाय बापाचेही असते. दुसऱ्या रुद्रसेनाच्या नाण्यावर ‘राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’ असे लिहिलेले असते. बाप नुसता क्षत्रप होता, मुलगा महाक्षत्रप झाला, हे पंधरा मिलिमीटरच्या वर्तुळात सांगून टाकले आहे.

अडचण अशी की ठशाचा व्यास चकतीहून मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा पूर्वार्ध मिळतो, दुसऱ्यावर उत्तरार्ध. एकाच राजाची चार-पाच झिजकी नाणी जवळ असली तर त्यांच्यातून पूर्ण लेख जुळवता येतो. हे काम एका देखण्या नाण्याहून जास्त शिकवते आणि झिजकी नाणी स्वस्तही मिळतात. बाप-लेकांची ही नावे जोडत जोडत पंडित भगवानलाल इंद्रजी आणि पुढे रॅप्सन यांनी क्षत्रपांची वंशावळ उभी केली. रॅप्सनची ब्रिटिश म्युझियमची सूची 1908 साली निघाली आणि ती आजही टेबलावर उघडी ठेवून काम करण्याजोगी आहे.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. बाराव्या शतकात मंगळवेढे हे कलचुरींचे ठाणे होते. बसवेश्वरांनी कलचुरी राजा बिज्जलाच्या भांडाराचे काम पाहिले ते याच परिसराशी जोडलेले आहे. त्या काळच्या कानडी लेखांत गद्याण हे सोन्याचे मोठे नाणे येते आणि त्याखाली पण, हाग, वीस अशी उतरंड येते. हाग म्हणजे पणाचा चौथा हिस्सा, वीस म्हणजे सोळावा. सोन्याचा पण मुळात फलमाएवढा, तेव्हा हाग दहा सेंटिग्रॅमच्या घरात जातो. यादवांची पद्मटंके प्रसिद्ध आहेत, पण ती पावणेचार ग्रॅमच्या आसपासची. आपल्या विषयाच्या मापाने ती मोठीच.

विजयनगरकडे आलो की लहान सोन्याचा खरा सुकाळ दिसतो. इराणहून आलेला अब्दुर रझाक 1443 मध्ये तिथे होता. त्याने चलनाची उतरंड लिहून ठेवली: वराह (म्हणजेच होन), त्याच्या निम्मा प्रताप, मग फलम, आणि फलमाच्या सहाव्या हिश्शाचे चांदीचे तार. या सगळ्यांत फलम सर्वांत उपयोगाचे, असेही तो सांगतो. परक्या माणसाने बाजारात उभे राहून केलेले हे निरीक्षण मला शिलालेखाइतके मोलाचे वाटते. चांदीचे तार अगदी हलके. एक दशांश ग्रॅमला न पोचणारी तारे संग्रहांत आहेत, आणि तेवढ्याशा चांदीवर एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला अक्षर काढलेले असते.

सोलापूरचा या सोन्याशी संबंध लढाईतून आला. 1565 मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव केला. ती एकजूट होण्यासाठी हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. विजयनगर पडले, पण त्याची नाणेपद्धत टिकून राहिली. नायकांनी, म्हैसूरकरांनी, आदिलशाहीने आणि युरोपीय कंपन्यांनीसुद्धा होन आणि फलम चालूच ठेवले. लोकांना त्याच वजनाचे, त्याच कसाचे सोने हातात हवे होते. नव्या सत्तेला महसूल गोळा करायचा असेल तर ओळखीच्या नाण्यात करणे सोयीचे जात असे.

शिवछत्रपतींनीही होन पाडला. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे, वजन पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास. उत्तरेचा फारसी रुपया समोर असताना त्यांनी सोन्यासाठी दक्षिणेची पद्धत निवडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वराज्यातले पगारही होनांत ठरत. सभासदाने आपल्या बखरीत दिल्याप्रमाणे हजारीला वर्षाला 1000 होन, पंचहजारीला 2000. त्याच बखरीत खजिन्याची मोठी यादी आहे. तिच्यात होनांचे अनेक प्रकार तर आहेतच, पण निरनिराळ्या गावांच्या आणि राजवटींच्या फलमांचीही नावे वेगळी नोंदली आहेत. खजिनदाराला गावोगावचे फलम वेगळे ओळखू येत होते. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून प्रत्येकाचा दर वेगळा. पुढे तंजावरच्या मराठी राज्यातले मोडी हिशेब चक्रम नावाच्या नाण्यात आणि पणांत लिहिलेले आढळतात.

म्हैसूरचे कंठीरव फलम आजही नव्या संग्राहकाला मिळू शकते. कंठीरव नरसराज वडेयार यांनी (राज्यकाळ 1638 ते 1659) ते सुरू केले. एका बाजूला बसलेला नरसिंह, दुसरीकडे तीन ओळींत नागरी ‘श्री कंठीरव’. हैदरअलीने आपल्या फलमावर नावाचे फक्त आद्याक्षर, अरबी ‘हे’, ठेवले, कारण एवढ्या जागेत याहून जास्त काय मावणार? टिपूने मात्र प्रत्येक तुकड्याला नाव दिले. रुपया इमामी, अर्धा आबिदी, पाव बाकिरी, आठवा हिस्सा जाफरी, सोळावा काझिमी आणि बत्तिसावा खिज्री. खिज्री म्हणजे चांदीचे 0.35 ग्रॅम. त्यावरही टांकसाळ आणि साल घालण्याचा त्याचा अट्टाहास बघून मन थक्क होते. टिपूच्या नंतरच्या नाण्यांवरचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. हे माहीत नसल्यामुळे अनेक नाणी चुकीच्या सालाची चिठ्ठी लावून विकली जातात.

इतकी बारीक नाणी मोजत कशी असतील? त्रावणकोरने यावर सुंदर उपाय शोधला होता. तिथले चांदीचे चक्रम 0.38 ग्रॅमच्या आसपास, आणि अठ्ठावीस चक्रमांचा एक स्थानिक रुपया. मोजण्यासाठी लाकडी फळी असे, तिच्यावर रांगांनी खळगे कोरलेले, प्रत्येक खळग्यात एकच चक्रम बसेल एवढा. मूठभर नाणी फळीवर टाकायची, फळी हलवायची, जादा नाणी खाली ओघळू द्यायची. सगळे खळगे भरले की शंभर किंवा दोनशे झाले. अशा फळ्या केरळातल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. बारीक नाणी जवळ बाळगण्याची प्राचीन अथेन्समध्ये वेगळीच सोय होती. पाऊण ग्रॅमच्या आतले ओबोल लोक चक्क तोंडात ठेवत. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘वास्प्स’ या नाटकात न्यायालयाची मजुरी घेऊन आलेल्या बापाच्या तोंडातून लेक लाडीगोडीने ती काढून घेते. आणि लहानपणाची परिसीमा म्हणजे नेपाळ. जयप्रकाश मल्लाच्या काळातला, 1740 च्या सुमाराचा, चांदीचा पाव जवा जगातले सर्वांत लहान नाणे म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंदलेला आहे. एका औंसात अशी 14,000 नाणी, म्हणजे एकाचे वजन दोन मिलिग्रॅम.

घरातून सुरुवात करायची असेल तर चवली शोधावी. ब्रिटिश काळातली चांदीची दोन आण्यांची ही चवली 1841 पासून निघाली. वजन 1.46 ग्रॅम, व्यास 15 मिलिमीटर. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. तो इतका, की 1918 मध्ये अमेरिकेने खास कायदा करून सुमारे 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली. 1917 नंतर चांदीची चवली बंद झाली आणि 1918 पासून निकेलमिश्रित चौकोनी चवली आली. लक्ष्मीपूजनाच्या डब्यात, आजीच्या बटव्यात या गोल चवल्या अजून सापडतात. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे तीन चेहरे जमवले तरी झीज, ठसा, साल, टांकसाळ यांचे प्राथमिक शिक्षण होते, आणि खोट्याची भीती कमी राहते.

लहान नाणी हाताळण्याची शिस्त वेगळी असते. कामाला बसण्याआधी पंखा बंद करावा, एप्रिल-मेच्या सोलापुरी उकाड्यातही. एक दशांश ग्रॅमचे नाणे वाऱ्याने उडते आणि फरशीच्या फटीत गेले की सापडत नाही. कड असलेल्या तबकात गुळगुळीत सुती कापड पसरून त्यावरच काम करावे. टॉवेल अंथरू नये. सोलापूरच्या टेरी टॉवेलचे नाव मोठे आहे, पण त्याच्या फासांत फलम अडकले की शोधता शोधता वाकते. चिमटा धातूचा नको, प्लॅस्टिकच्या टोकाचा हवा. भिंग दहा पट मोठे दाखवणारे पुरे. साठवायला रासायनिकदृष्ट्या स्थिर प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या घ्याव्यात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट द्रव सुटतो आणि चांदीला चाटतो. रबरबँड, लोकर आणि हलका पुठ्ठा यांतले गंधक चांदी काळवंडवते.

घासणे पूर्ण वर्ज्य. चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. दोन ग्रॅमच्या क्षत्रपावरचा अंक केसाएवढ्या उंचीचा असतो. एकदा घासला की शक 190 चे साल कायमचे जाते. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणे आणि सुती कापडावर टिपणे एवढ्यावर थांबावे.

खोट्याची पारख करताना तराजूचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सोन्याची शुद्धता पाहण्याची जुनी रीत म्हणजे हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढणे. होनाला ती लागू पडते. फलमाला नाही, निदान साध्या तराजूवर नाही. 0.36 ग्रॅमचे फलम घ्या. त्यातल्या मिश्र सोन्याची घनता 15 धरली तर पाण्यात वजन 0.024 ग्रॅमने कमी व्हायला हवे. बाजारातला खिशातला तराजू शतांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. तो 0.02 दाखवील किंवा 0.03. पहिल्यात घनता 18 निघते, दुसऱ्यात 12. एकात ते जवळपास शुद्ध सोने, दुसऱ्यात निम्मी-अधिक भेसळ, आणि नाणे तेच. म्हणून मिलिग्रॅम दाखवणारा, रत्ने तोलण्याचा तराजू घ्यावा, किंवा एकाच प्रकारची आठ-दहा फलमे एकत्र तोलावीत. दक्षिणेत दागिन्यांत ओवण्यासाठी फलमांसारख्या चकत्या सोनार पाडत आले आहेत. त्यांचे सोने खरे, कसही बरा, पण त्या नाणी नव्हेत. तिथे तराजू उपयोगी पडत नाही. ठशाच्या रेषा किती जिवंत आहेत आणि कडेला धातू कसा पसरला आहे, हे भिंगातून पाहावे लागते. त्यासाठी आधी खात्रीची नाणी डोळ्यांखालून जायला हवीत. मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची भारतीय मुद्रा संशोधन संस्था ही तीन ठिकाणे मराठी संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. अंजनेरीची संस्था 1980 मध्ये परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ तिथूनच 1989 मध्ये निघाला.

वाचनाच्या बाबतीत जुळे सोलापूरकराची बाजू भक्कम आहे. या नाण्यांवर नागरी, जुनी कानडी-तेलुगू आणि फारसी अशा तीन लिप्या येतात. आपल्या सोसायटीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू वाचणारी माणसे एकाच जिन्यावर राहतात. कानडी घरातल्या आजोबांना भिंगातून एक अक्षर दाखवले की पुस्तकात तासभर शोधून न सापडलेले उत्तर मिळू शकते.

नाण्याइतकीच महत्त्वाची त्याच्यासोबतची चिठ्ठी. वजन मिलिग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, कोणाकडून आणि केव्हा घेतले, आणि सर्वांत वर सापडल्याचे गाव. बहुतेक लहान नाणी मोडीच्या सोन्यातून येतात आणि गावाचे नाव वाटेत गळते. सराफाला, झारेकऱ्याला, शेतकऱ्याला पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ असा न विचारता ‘कुठले?’ असा विचारावा. बार्शीपलीकडच्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गावातच जमवल्या. त्यामुळे आज तिथल्या शासकीय संग्रहालयातली प्रत्येक वस्तू प्राचीन तगर नगराबद्दल काही सांगू शकते. त्याच वस्तू गावाच्या नावाविना एखाद्या शहरी कपाटात गेल्या असत्या तर नुसत्या शोभेच्या उरल्या असत्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, सांगोला या तालुक्यांत सापडणाऱ्या फलमांची गावे नकाशावर मांडली, तर सोन्याचा व्यवहार कुठवर चालत होता आणि चांदीचा कुठून सुरू होत होता, हे भीमेच्या दोन्ही काठांवर गावागणिक पाहता येईल. हे काम विद्यापीठाची वाट न पाहता तुमच्या-माझ्यासारख्यांना करता येण्याजोगे आहे.

कायद्याची बाजू नीट माहीत असावी. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर काय, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घराचा पाया खणताना गाडगे निघाले तर त्यातली नाणी घरी वाटून घेणे हा गुन्हा आहे, आणि गाडगे फोडून नाणी धुणे हे पुराव्याचे नुकसान. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. परदेशी असलेल्या मुलीला किंवा भावाला भेट म्हणून पाठवलेल्या पाकिटातले एकच फलमसुद्धा या नियमात येते. परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, पावतीवर नाण्याचे वर्णन आणि वजन लिहून घ्यावे, आणि ती पावती नाण्याच्या चिठ्ठीला जोडून ठेवावी.